‘डर्ट’ ऐकायला बसण्यापूर्वी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्याच्या शेवटच्या रविवारी डिचोलीला आमच्या घराच्या सोप्यावर आम्ही सात-आठ जण जमतो आणि एक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मध्ये न थांबता ऐकतो. कुणी साखळीहून येतं, कुणी म्हापशाहून, एक काका फोंड्याहून येतात. नाट्यसंगीत झालं, मांडो म्हणजे गोव्यातली कोकणी प्रेमगीतं झाली, जाझ झालं. पण सगळ्यांत जास्त प्रश्न आले ते अ‍ॅलिस इन चेन्सच्या ‘डर्ट’मुळे. आले त्यांनी विचारले, न आलेल्यांच्या आईवडिलांनीही विचारले. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

हा अल्बम नेमका काय आहे?

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातल्या अ‍ॅलिस इन चेन्स या बँडचा दुसरा अल्बम. २९ सप्टेंबर १९९२ रोजी निघाला. लेन स्टेली गायक, जेरी कँट्रेल गिटार आणि दुसरा आवाज, माइक स्टार बेस, शॉन किनी ड्रम्स. निर्माता डेव्ह जर्डन. लांबी सुमारे ५७ मिनिटं. निर्वाणा, पर्ल जॅम, साउंडगार्डन ही त्याच शहरातली, त्याच काळातली मंडळी. पण या चौघांत सगळ्यांत जड आणि सगळ्यांत काळोखा आवाज अ‍ॅलिस इन चेन्सचा, असं माझं मत आहे.

इतके अल्बम असताना हाच का?

याचं उत्तर घरातून द्यावं लागेल. २०१२च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा मी बारावीत होते. बाबांचा एक टिपर होता, कर्जावर घेतलेला. खाणीवरून मांडवीच्या धक्क्यापर्यंत दिवसाला जमतील तितक्या खेपा, हे आमचं घर चालायचं गणित. एका आठवड्यात तो टिपर अंगणात येऊन उभा राहिला तो उभाच. बाबांनी आरडाओरडा केला नाही, कुणाला शिव्या दिल्या नाहीत. ते बोलायचेच बंद झाले. सकाळी उठून टिपरची काच पुसायची, चाकांतली हवा बघायची आणि सोप्यावर येऊन बसायचं. आई स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवायची, घरातला आवाज म्हणजे तेवढाच.

मला मात्र ओरडावंसं वाटायचं. कुणावर ते कळत नव्हतं. मावसभावाने मेमरी कार्डात भरून दिलेल्या गाण्यांत हा अल्बम होता. मुखपृष्ठाचं चित्र मोबाइलच्या छोट्या पडद्यावर दिसलं: भेगाळलेली तांबूस जमीन आणि तिच्यात अर्धी पुरलेली बाई. ‘डर्ट’ म्हणजे माती, धूळ. आमच्या भागात मोठी झालेली माणसं ही धूळ ओळखतात. झाडांच्या पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पावसाळ्यात ओहळाच्या पाण्यात, सगळीकडे ती लाल धूळ असायची. खाणी थांबल्यावर पानं हिरवी दिसायला लागली, आणि ती हिरवी पानं बघून आमच्या घरात कुणाला आनंद झाला नाही. मागच्या परसात माडाखाली बसून मी इअरफोन लावले. पहिलं गाणं प्रस्तावना न करता थेट ओरडण्याने सुरू होतं. मला जे करायचं होतं ते दुसऱ्या कुणीतरी, हजारो मैलांवर, वीस वर्षं आधी करून ठेवलं होतं.

एवढा राग कुणावर आहे?

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, जगावर. दोन-तीनदा ऐकल्यावर लक्षात येतं की यातला बराचसा राग गाणाऱ्याचा स्वतःवरच आहे. सरकारवर रागावलेले, समाजावर रागावलेले रॉक अल्बम भरपूर आहेत आणि त्यांत मूठ आवळून उभं राहायची सोय असते. इथे ती सोय नाही. स्टेली हेरॉइनच्या व्यसनात अडकलेला होता. ‘हेट टू फील’ आणि ‘अँग्री चेअर’ या दोन गाण्यांचे शब्द आणि संगीत दोन्ही त्याने एकट्याने केलं, आणि त्या दोन गाण्यांत तो स्वतःला एका खोलीत कोंडून घेतल्यासारखा गातो.

बाकीच्या गाण्यांचं संगीत बहुतेक कँट्रेलचं, आणि त्यातही रागाच्या तऱ्हा वेगवेगळ्या. ‘डॅम दॅट रिव्हर’मागे त्याचं आणि ड्रमर किनीचं झालेलं भांडण आहे, ज्यात किनीने त्याच्या डोक्यात कॉफीचं टेबल घातलं होतं. भांडण झालं, त्याचं गाणं झालं आणि ज्याने टेबल घातलं त्यानेच त्या गाण्यावर ड्रम्स वाजवले. दोन माणसांमधल्या रागाचं याहून चांगलं काही होऊ शकतं असं मला वाटत नाही. ‘देम बोन्स’मध्ये मरणाच्या भीतीवरचा राग आहे. आणि ‘रूस्टर’ तर राग म्हणावं की माया, मला आजही ठरवता येत नाही. त्याबद्दल शेवटी लिहिते.

भरताच्या नाट्यशास्त्रात रौद्र रसाचा स्थायी भाव क्रोध सांगितला आहे, हे आपण शाळेत शिकतो. त्याच्या पुढचं फारसं कुणी सांगत नाही: रौद्रातून करुण उपजतो, असं भरताने म्हटलं आहे. हा अल्बम मला त्या एका वाक्याने उलगडला. सुरुवातीच्या गाण्यांत दात-ओठ खाणारा आवाज शेवटाकडे जाईपर्यंत थकलेला, विनवणारा होत जातो. मध्येच गाणी वगळून ऐकलं तर हा प्रवास हातून निसटतो. आम्ही पूर्ण अल्बम ऐकायचा हट्ट धरतो तो म्हणून.

ध्वनिमुद्रण कुठे झालं? तेव्हाच्या वातावरणाचा परिणाम आहे का?

मुद्रणाचं मोठं काम लॉस एंजलिसमध्ये झालं. ते सुरू झालं आणि २९ एप्रिल १९९२ला रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण केल्याच्या प्रकरणात पोलिसांना निर्दोष ठरवल्यावर शहर पेटलं. बँड काही दिवस काम सोडून वाळवंटात निघून गेला. गाणी बहुतेक आधी लिहिलेली होती, त्यामुळे दंगल शब्दांत शोधू नका.

शब्द कळत नाहीत. मग ऐकून काय उपयोग?

खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी मलाही कळले नव्हते. ख्यालाच्या बंदिशीतले शब्द आपल्यापैकी कितीजणांना पूर्ण कळतात? तरी गाणं पोहोचतं. पहिल्या वेळी शब्दांच्या मागे लागू नका. आवाज कुठे चढतो, कुठे अडखळतो, कुठे एकाचे दोन आवाज होतात, एवढंच धरा. दुसऱ्या वेळी शब्द समोर ठेवून ऐका. आम्ही प्रत्येक गाण्याचा सारांश दोन ओळींत मराठीत लिहून कागद वाटतो, पण अल्बम संपल्यावर. आधी दिला तर सगळे कागदच वाचत बसतात.

गिटारचा आवाज असा फाटल्यासारखा का येतो? स्पीकर बिघडलेला वाटतो.

तो मुद्दाम फाडलेला असतो. गिटारचा सिग्नल अ‍ॅम्प्लिफायरमध्ये त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त वाढवला की लहरींचे माथे कापले जातात, आणि मूळ सुराच्या वर आणखी पुष्कळ स्वर उमटतात. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून आपण जवारी लावतो तेव्हाही एका तारेतून अनेक स्वर निघावेत हाच हेतू असतो. मार्ग वेगळा आणि परिणाम कितीतरी उग्र, पण कानाची भूक तीच.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट आहे आणि ती कळली त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. या संगीतात गिटारवर बहुतेक वेळा पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गुच्छ, न वाजवता फक्त षड्ज आणि पंचम एकत्र वाजवतात. गंधार गाळतात. कारण फाटलेल्या आवाजात गंधार मिसळला की सुरांची एकमेकांशी टक्कर होऊन चिखल होतो, सा आणि प मात्र खणखणीत उभे राहतात. पाश्चात्त्य पद्धतीत शुद्ध गंधार की कोमल यावर सुरावट आनंदी की उदास हे ठरतं. तोच नसल्यामुळे गिटार काही ठरवत नाही, ठरवायचं काम गाणाऱ्याच्या गळ्यावर येतं. सा-प, सा-प असा आधार देणारी गिटार आणि त्यावर गळा! हे आपल्याला परकं का वाटावं?

त्यात तारा नेहमीपेक्षा अर्ध्या स्वराने उतरवलेल्या, आणि काही गाण्यांत सर्वांत जाड तार त्याहूनही खाली. म्हणून आवाज छातीत आणि पोटात लागतो.

मला तालाची सवय आहे, पण पहिल्याच गाण्यात ठेका सुटतो.

‘देम बोन्स’च्या कडव्यात सात मात्रा आहेत. रूपकाचे विभाग शोधू नका, नुसते सात मोजा. ध्रुवपदाला गाणं चारावर येतं आणि एकदम मोकळं वाटतं. हे जमलं की तुम्ही मान डोलवायला लागाल. आमच्याकडे येणाऱ्या एका तबलावादक काकांनी हे अर्ध्या मिनिटात पकडलं आणि नंतर तासभर मांडीवर बोटं वाजवत बसले. ज्यांनी शिगम्यात ताशा वाजवला आहे त्यांना तर समजवावंच लागत नाही.

दोन माणसं एकत्र गातात तेव्हा अंगावर काटा येतो. ते काय करतात?

स्टेली आणि कँट्रेल एकच चाल दोन वेगवेगळ्या सुरांवरून समांतर गातात. गोव्यात हे नवीन नाही. मांडो दोन आवाजांत गातात, आणि चर्चच्या शाळांतून मेस्तांनी, म्हणजे संगीत शिकवणाऱ्या मास्तरांनी, पिढ्यान्‌पिढ्या मुलांना हे शिकवलं. फरक असा की मांडोतले दोन आवाज एकमेकांना गोंजारतात, इथले दोन आवाज घासतात. ‘डाउन इन अ होल’ हे गाणं यासाठी ऐका. मला या बँडचं खरं कर्तृत्व गिटारपेक्षा या जोड-आवाजात वाटतं.

एवढा राग ऐकून माणूस जास्त चिडत नाही का?

२०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात यावर प्रयोग झाला. १८ ते ३४ वयोगटातले ३९ जण घेतले. त्यांना आधी राग येतील असे प्रसंग बोलायला लावले, मग निम्म्यांना स्वतःच्या आवडीचं आक्रमक संगीत ऐकू दिलं आणि निम्म्यांना शांत बसवलं. चिडचिड आणि ताण दोन्ही गटांत उतरले. संगीत ऐकणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मात्र उतरले नाहीत, आणि त्यांना उभारी वाटत असल्याचं त्यांनी सांगितलं. म्हणजे शरीर तापलेलंच राहिलं पण मन निवळलं. हे सगळे मुळात असं संगीत आवडणारे लोक होते हे ध्यानात ठेवा. ज्याला हे आवडतच नाही त्याला जबरदस्तीने ऐकवलं तर तो चिडेलच, आणि त्याचं चिडणं बरोबर असेल.

माझा अनुभव त्या ३९ जणांसारखाच. त्या पावसाळ्यात परसातून घरात परत यायचे तेव्हा आईशी नीट बोलता यायचं.

हे आपल्या संस्कृतीत बसतं का?

जनाबाई विठ्ठलावर रागावते, त्याला अद्वातद्वा बोलते, आणि आपण तिला संत म्हणतो. तुकोबा देवाशी उभा दावा मांडतात. रागाला वाचा देणं आपल्याकडे कधी निषिद्ध नव्हतं. घरात मोठ्यांसमोर राग दाखवायचा नाही ही शिस्त मात्र आहे, आणि ती मी मोडा म्हणत नाही. पण मग तो राग कुठेतरी न्यायला हवा.

माझा मुलगा खोलीचं दार लावून दिवसभर हेच ऐकतो. काळजी करू का?

संगीतावरून काळजी करू नका. मुलावरून करा. तो जेवतो का, झोपतो का, मित्रांना भेटतो का, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी सोडून दिल्या आहेत का, हे बघा. हे सगळं ठीक असेल तर त्याला हवा तो अल्बम ऐकू द्या. ठीक नसेल तर अल्बम हिसकावून घेतल्याने ठीक होणार नाही. त्याच्या हातातली काठी तेवढी जाईल.

एकदा दार वाजवून आत जा आणि ‘यातलं तुला सगळ्यांत आवडतं ते गाणं मला ऐकव’ म्हणा. मग पूर्ण ऐका. मध्ये बोलू नका, तोंड वाकडं करू नका. चार मिनिटांचं काम आहे. असं करून बघितलेल्या एका आईने मला सांगितलं की गाणं संपल्यावर मुलगा अर्धा तास बोलत होता, आणि गाण्याबद्दल त्यातली दोनच वाक्यं होती.

जीव नकोसा झाल्याची भाषा कानावर आली तर मात्र वाट बघू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. बांबोळीला मानसोपचार संस्थेचं रुग्णालय आहे. तिथे जाण्यात कमीपणा नाही.

यात नशेचं गुणगान आहे ना?

नाही. अल्बमच्या उत्तरार्धातली गाणी व्यसनावर आहेत आणि एका गाण्यात गाणारा नशेबाजाच्या तोऱ्यात बोलतो, त्यामुळे हा समज होतो. तो तोरा पुढच्या गाण्यांत कसा गळून पडतो ते ऐकायला हवं. काही चाहत्यांनी याचा उलटा अर्थ घेतला, नशेत येऊन अंगठे दाखवले, आणि आपल्याला नेमकं हेच व्हायला नको होतं असं स्टेलीने १९९६ साली एका मुलाखतीत सांगितलं. तो स्वतः सुटला नाही. ५ एप्रिल २००२ला, वयाच्या ३४व्या वर्षी गेला. माइक स्टार २०११ साली गेला. अल्बमचं शेवटचं गाणं ‘वुड’ हे त्यांच्याच शहरातला गायक अँड्र्यू वूड याच्या आठवणीतलं, आणि तोही १९९० साली हेरॉइननेच गेलेला.

आमच्याकडे ऐकायला येताना दारू पिऊन किंवा काही घेऊन येऊ नये. हा नियम कडक आहे. गोव्यात राहून आपण सगळ्यांनी एखादा तरी मुलगा असा हातचा जाताना बघितला आहे. घरात कुणी अडकलं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा क्रमांक आहे.

आवाज किती मोठा ठेवायचा?

पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला दचकाल एवढा, आणि शेजारच्याशी जरा आवाज चढवून बोलता येईल एवढाच. ८५ डेसिबल आठ तास ही कामगारांच्या सुरक्षेसाठी वापरली जाणारी मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ला चार तास, ९४ला एक तास, १००ला पंधराच मिनिटं. हा अल्बम जवळजवळ तासाचा आहे, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर आवाज जास्त झाला. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल असा कायदा आहे. आम्ही साडेसहाला सुरू करतो आणि आठच्या आत आटोपतो. शेजारच्या आजींना आधी सांगून ठेवतो. त्यांचा आक्षेप नसतो, फक्त दिवेलागणीनंतर सुरू करा एवढंच म्हणतात.

हेडफोन की स्पीकर?

एकटे असाल तर हेडफोन, चार माणसं असतील तर दोन स्पीकर. मोबाइलच्या आतल्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात खालचे सूर निघतच नाहीत आणि उरतो तो नुसता किरकिराट. हे संगीत आवडत नाही म्हणणाऱ्या अनेकांनी ते फक्त मोबाइलवर ऐकलेलं असतं.

माझ्याकडच्या प्रतीत गाण्यांचा क्रम वेगळा आहे.

‘डाउन इन अ होल’ काही आवृत्त्यांत चौथं आहे, काहींत शेवटून दुसरं. दोन्ही अधिकृत आहेत. मला ते शेवटाकडे हवं असतं. तिथे येईपर्यंत आपणही थकलेले असतो. मध्ये पाऊण मिनिटाचा एक विचित्र तुकडा येतो. त्यात स्लेअर बँडचा टॉम अराया ओरडतो. तो चुकून आलेला नाही.

पावसाळ्यात, गणेश चवथीत ऐकता का?

पावसात पत्र्यावर एवढा मारा होतो की बारीक काही ऐकू येत नाही, पण कौलाखाली छान ऐकू येतं. चवथीला नाही. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधलेली असताना घरात घुमट आरत्याच हव्यात.

हे फारच जड वाटलं तर सुरुवात कशाने करू?

याच बँडच्या ‘जार ऑफ फ्लाइज’ने. १९९४ साली निघालेली सात गाणी, बहुतांश विनाविजेच्या गिटारवर. किंवा १९९६ साली न्यूयॉर्कमध्ये झालेली त्यांची अनप्लग्ड मैफल. तिथे स्टेली खूप खंगलेला दिसतो, आणि आवाज तरीही जागेवर असतो. मग ‘डर्ट’कडे या.

तुमचे बाबा ऐकतात का?

‘रूस्टर’पुरते. ते गाणं कँट्रेलने आपल्या वडिलांवर लिहिलं. वडील व्हिएतनामच्या युद्धात लढले होते आणि परत आल्यावर त्याबद्दल घरात बोलत नसत. रूस्टर, म्हणजे कोंबडा, हे त्यांचं लहानपणीचं टोपणनाव. मुलाने गाण्यात वडिलांच्या तोंडची भाषा घेतली, ‘मी’ म्हणून. न बोलणाऱ्या बापाच्या जागी उभं राहून त्याच्या वतीने बोलायचं, हे मी सतराव्या वर्षी ऐकलं तेव्हा अंगणात टिपर उभा होता.

बाबांना हे मी कितीतरी वर्षांनी सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि कोकणीत एवढंच विचारलं, “आनी ताच्या बापायक तें आवडलें?” मी म्हटलं, आवडलं असणार, गाण्याच्या व्हिडिओत ते स्वतः येऊन बोलले आहेत. त्यावर ते काही बोलले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी गाणं लागायच्या आधीच परसातून सोप्यावर येऊन खांबाला टेकून उभे होते. आता दरवेळी येतात. सहा मिनिटं उभे राहतात, गाणं संपलं की पुन्हा परसात जातात, माडांना पाणी घालायला.